विचारा नानांना : डिमसम खायचंय, जायचं कुठं आणि केव्हा?

सुट्ट्या जवळ आल्या की मुंबईला निघालेल्या मंडळींची पत्रं वाढतात. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रांत डिमसम आहे, म्हणजे चहासोबत खायचे वाफेवरचे लहान लहान चिनी जिन्नस, म्हणून हा अंक त्यालाच दिला. भरिताच्या वांग्यांवरचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेऊ. थंडी पडल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थही नाही.

नाना, दिवाळीनंतर आम्ही तिघं दोन दिवस मुंबईला जातोय. मुलगी पुण्याला शिकते, तिनं मोबाइलवर बघून बघून डिमसमचा हट्ट धरलाय. आम्हाला गाडीवरचं मंचुरियन आणि मोमो सोडून काही माहीत नाही. मुंबईत चांगलं डिमसम कुठं मिळतं? एकदाच खाऊ, पण नीट खाऊ. (एक वाचक, चोपडा)

ताई, कुठं ते सांगतोच, पण आधी केव्हा ते ऐका. डिमसम हे रात्रीचं जेवण नाही. दक्षिण चीनमधला ग्वांगडाँग प्रांत आणि हाँगकाँग, हा त्याचा मुलूख. तिथली माणसं सकाळी चहाघरात जाऊन बसतात, किटलीभर चहा मागवतात आणि चहासोबत हे लहान लहान जिन्नस खात पेपर वाचतात, गप्पा मारतात. दुपार कलली की हे खाणं संपतं. मुंबईत सकाळी सातला कुणी तुमच्यासाठी वाफ लावून बसणार नाही, त्यामुळे आपल्या हातात उरते ती दुपार. बाराला हॉटेल उघडतं तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकांत असा. पहाटेपासून लाटून, भरून, घडवून ठेवलेलं तेव्हा नुकतं वाफेवर चढत असतं. तेच जिन्नस रात्री दहाला मागवाल तर पारी कडेनं सुकलेली निघायची, आणि बिल मात्र तेवढंच.

मी भुसावळ विभागात तिकीट तपासनीस होतो. रात्रीची गाडी घेऊन सीएसएमटीला उतरायचं, रेस्टरूमला झोप काढायची, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत सगळी दुपार मोकळी. त्यामुळे मुंबईची हॉटेलं मला दुपारची ठाऊक आहेत. रात्री त्यांचे दिवे कसे दिसतात ते दुसऱ्या कुणाला विचारा.

तुम्ही जळगावहून अमरावती एक्स्प्रेस किंवा विदर्भ पकडाल. सकाळी सीएसएमटी. तुमच्यासाठी माझं पहिलं नाव आहे रॉयल चायना. स्टेशनातून बाहेर पडून स्टर्लिंग सिनेमाची वाट विचारा, त्याच्या मागच्या बाजूला, चालत दहा मिनिटं. मूळ लंडनचं नाव आहे, आणि तिथंही ते ओळखलं जातं दुपारच्या डिमसमसाठीच. फोर्टातल्या कचेऱ्यांतली माणसं दुपारी गर्दी करतात. ही गर्दी तुमच्या फायद्याची, कारण डिमसम ज्यात वाफवून वाढतात त्या टोपल्या पडून राहत नाहीत. फोन करून टेबल सांगून ठेवा, आणि त्याच फोनवर डिमसम दुपारी किती वाजेपर्यंत तेही विचारा.

दुसरं नाव याउआचा, वांद्रे-कुर्ला संकुलात. हेही लंडनचं, तिथं २००४ मध्ये सुरू झालं आणि मुंबईत २०११ मध्ये आलं. डिमसम हाच इथला मुख्य धंदा, बाकीचं जेवण त्याच्या मागून. पारी घडवणारे कारागीर वेगळे, कढईवरचे वेगळे. हात सफाईदार आहे, शाकाहारी यादी मोठी आहे, आणि दर बघून घरच्या माणसाचा चेहरा कसा होतो तेही पाहण्यासारखं असतं. दादर किंवा ठाण्याला उतरणार असाल, किंवा कुर्ला टर्मिनसला जाणारी गाडी असेल, तर हे सोयीचं.

कुलाब्यात रीगल सिनेमाच्या मागं लिंग्ज पॅव्हेलियन आहे. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी कुटुंबाचं हॉटेल. तिथं मी डिमसमपेक्षा वाफेवरचा अख्खा मासा आणि खेकडे मागवायला सांगेन. डिमसम एखाद-दुसरी टोपली, तोंडी लावण्यापुरती. ताजमहाल हॉटेलातलं गोल्डन ड्रॅगन १९७३ पासून आहे आणि सेचवान पद्धतीचं जेवण आपल्या देशात आणण्याचं श्रेय त्याला देतात. आपल्या गाडीवरच्या लाल शेजवान चटणीचं कूळ शोधायला निघालात तर कुठं तरी तिथं पोचाल. पण सेचवान हा चीनचा दुसराच कोपरा, तिखटाचा. डिमसमसाठी म्हणून तिथवर जायचं कारण नाही.

'अनलिमिटेड डिमसम' अशी पाटी दिसली तर पुढं चला. जिथं मोजून खायचं नसतं तिथं मोजून केलेलंही नसतं.

आता टेबलावर बसल्यावर काय? सगळं एकदम मागवू नका. वाढप्या सुचवील, तरी नको. तिघांत दोन टोपल्या, त्या संपत आल्या की पुढच्या दोन. पहिली टोपली हार गावची. हा कोळंबीचा, आणि हॉटेलची परीक्षा याच्यावरच होते. पारी गव्हाच्या सत्त्वाची, शिजली की काचेसारखी होते आणि आतली कोळंबी गुलाबी दिसते. एका बाजूला बारीक चुण्या असतात. जुने उस्ताद निदान सात मोजायचे, दहाच्या वर गेल्या तर मान डोलवायचे. काड्यांनी, म्हणजे चॉपस्टिक्सनी, उचलल्यावर पारी कागदाला चिकटून फाटली, की समजा फार वेळ वाफेवर राहिला, नाही तर पीठ नीट उकडलं नाही. दाताखाली कोळंबी कडक वाजली पाहिजे, पिठूळ लागता कामा नये. हार गाव चांगला निघाला तर निर्धास्त बसा आणि पुढचं मागवा. वाईट निघाला तर चहा पिऊन उठा. फोर्टात खायला पुष्कळ आहे.

त्यामागून सिउ माय. हा वरून उघडा, पिवळ्या पारीचा. मूळचा डुकराचं मटण आणि कोळंबीचा. मुंबईत बहुतेक ठिकाणी चिकनचा देतात आणि तो बरा असतो, इतकंच. त्यापेक्षा चुंग फन मागवा. तांदळाचं पातळ पीठ कापडावर किंवा ताटलीत पसरून वाफवतात, ओलं असतानाच सारणावर गुंडाळतात आणि वरून गोडसर सोया ओततात. ती सुरळी थरथरत टेबलावर आली पाहिजे. निवली की रबर. मुलीनं मोबाइलवर पाहिलेला पांढराशुभ्र पाव, तो चार सिउ बाव. आत भाजलेलं गोडसर डुकराचं मटण. चालत असेल तर जरूर घ्या, आणि नसेल तर चिकनचा आहे का विचारा.

सूप भरलेलं सियाव लुंग बाव यादीत दिसेल. ते शांघायकडचं, डिमसमच्या पंगतीत मागाहून बसलेलं. हाडं-कातडं शिजवून केलेला रस थंड करून थिजवतात, त्याचे तुकडे सारणात घालतात, आणि वाफेवर तो पुन्हा वितळतो. थेट तोंडात टाकाल तर टाळू भाजेल. चमच्यात घेऊन कडेला लहानसा घास घ्यायचा, रस शोषायचा, मग उरलेलं.

चहा मात्र मागवाच. जास्मिन किंवा ऊलाँग, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. चिकट, तेलकट जिभेवरून तो पाणी फिरवल्यासारखा काम करतो. किटली रिकामी झाली की झाकण थोडं उघडं ठेवायचं, म्हणजे पाणी भरून आणतात. निदान हाँगकाँगला तरी आणतात. मुंबईत हाक मारा. दुसऱ्यानं आपल्या पेल्यात चहा ओतला की तिकडं दोन बोटं टेबलावर हलकेच आपटून आभार मानतात. मुलीला आवडेल. काड्या जमत नसतील तर चमचा मागा, कुणी हसत नाही. फक्त भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचून ठेवू नका. त्यांच्याकडे ते मृतासमोर लावलेल्या उदबत्तीसारखं दिसतं.

मोमोचं विचारलंत म्हणून. मोमो तिबेट-नेपाळकडचे, मैद्याच्या पारीचे, पोटभरीचे. आपल्या गाड्यांवर ते चांगले मिळतात. त्यांना कमी लेखायचं कारण नाही, फक्त मुंबईत जाऊन हजारो रुपये देऊन मोमो खाऊन येऊ नका.

नाना, आम्ही शाकाहारी. लसूण-कांदा चालतो, अंडं नाही. आमच्यासाठी डिमसम म्हणजे नुसती कोबी भरलेली करंजी का? (एक वाचक, जळगाव)

तसं नाही भाऊ, पण तुम्हाला वाढप्याशी दोन मिनिटं बोलावं लागेल. सारणात मश्रूम, कमळकाकडी, मका, पालक, टोफू असं बरंच असतं, आणि काचेसारख्या पारीतलं मश्रूमचं सारण कोळंबीच्या तोडीला येतं असं मी मांसाहारी माणूस म्हणतोय. अडचण सारणाची नाही, बाकीची आहे. जुन्या रीतीत पारीच्या पिठात डुकराची चरबी घालतात. पिवळ्या पारीत अंडं असू शकतं. शाकाहारी भाजीवर ऑयस्टर सॉस पडलेला असू शकतो, तो शिंपल्यांचा. मुळ्याची वडी, म्हणजे लो बाक गो, नावावरून निरुपद्रवी वाटते. पण तिच्यात सुकी कोळंबी आणि डुकराचं सॉसेज घालायची रीत आहे. याउआचा किंवा रॉयल चायनासारख्या ठिकाणी शाकाहारी यादी वेगळी असते, जैन म्हटलं तरी त्यांना कळतं. तरी चरबी, अंडं, ऑयस्टर सॉस ही तीन नावं घेऊन विचारा. 'व्हेज आहे ना?' एवढंच विचारलं तर मुंबईतला वाढप्या 'हो' म्हणून मोकळा होतो. आणि टोपल्या शाकाहारी-मांसाहारी एकावर एक रचून वाफवतात, वरच्याचं पाणी खाली ठिबकतं. तुमच्याकडे ते चालत नसेल तर आधी सांगून ठेवा.

काका, मी कॉलेजला आहे. मित्राकडे दादरला राहणार, खिशात फार नाही. स्वस्तात खरं डिमसम मिळेल का? (एक विद्यार्थी, चाळीसगाव)

मुंबईत? नाही. हाँगकाँगला हे रोजचं खाणं आहे. तिथं माँग काॅक भागात २००९ मध्ये उघडलेल्या टिम हो वान नावाच्या छोट्याशा दुकानाला मिशलिनचा तारा, म्हणजे जगभरच्या हॉटेलांत मोठा मानला जाणारा मान, मिळाला, आणि तरी तिथं लोक रांगेत उभे राहून खिशाला परवडेल असं खायचे. मुंबईत ते आलं पंचतारांकितच्या आणि लंडनच्या वाटेनं, म्हणून दरही तिकडचे.

याला कारण आहे. मुंबईतली चिनी वस्ती कधीच फार मोठी नव्हती. माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ सी यिप कून हे चिनी देऊळ अजून आहे, १९१९ सालचं. जहाजांवरच्या माणसांनी बांधलेलं. १९६२ च्या युद्धानंतर देशभरच्या चिनी कुटुंबांवर संशयाची पाळत आली, कित्येकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं, पुष्कळ जण देश सोडून गेले. जे राहिले त्यांनी आपल्या जिभेला रुचेल असं कढईवरचं जेवण उभं केलं. चिकन मंचुरियन १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग यांनी केलं, असं सांगतात. ते देशभर पसरलं, आपल्या चाळीसगाव स्टेशनापर्यंत आलं. डिमसमला मात्र पहाटेपासून राबणारे वेगळे हात लागतात आणि सकाळी येऊन बसणारं गिऱ्हाईक लागतं. दोन्ही नव्हतं.

तेव्हा तू असं कर. मित्राला सोबत घे, दुपारी जा, दोघांत हार गाव एक, चुंग फन एक आणि चहा. भात-नूडल काही नको. वाढप्या तोंड वाकडं करील, करू दे. पोट भरायला बाहेर येऊन वडापाव. देऊळ मात्र फुकट बघायला मिळेल. वस्तीतलं खासगी देऊळ आहे, तेव्हा बेतानं.

नाना, मुलाची बदली कोलकात्याला झाली. जानेवारीत जातोय. तिथं चिनी लोकांची वस्ती आहे म्हणतात. डिमसमसाठी ते मुंबईपेक्षा बरं का? (एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

अहो साहेब, तुम्ही आमच्याच लाइनीतले, तुम्हाला गाड्या काय सांगायच्या! पण इतरांसाठी सांगतो : गीतांजली दुपारी हावड्याला टाकते, आणि मुंबई-हावडा मेल व्हाया नागपूर सकाळी. या कामासाठी मेल. वेळेवर असली तर.

कारण कोलकात्याचं चिनी खाणं सकाळचं आहे. टिरेटा बाजार. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाच्या मागं, पोद्दार कोर्टाजवळ. हावडा पूल ओलांडला की जवळच. पहाटे सहाच्या सुमाराला रस्त्यावर टेबलं आणि अॅल्युमिनियमचे मोठे वाफेचे डबे लागतात, साडेआठपर्यंत आवराआवर झालेली असते. रविवारी सगळ्यात जास्त. डुकराच्या मटणाचे बाव, सिउ माय, माशाच्या गोळ्यांचं सूप, सॉसेज. विकणारी कुटुंबं आता मोजकीच उरलीत, तरुण पोरं कॅनडाला गेली. बाव-मोमोच्या रांगेत आता पुरी-भाजीवालाही बसलेला असतो. नजाकत शोधू नका. पारी जाड, चुण्या ओबडधोबड, हातात कागदी बशी, उभ्या उभ्या खायचं. पण सकाळच्या थंडीत डब्याचं झाकण उघडतं आणि समोरची बाई बिनबोलता चार नग बशीत टाकते, त्या खाण्याला मुंबईच्या कुठल्याच हॉटेलची सर नाही. हे माझं मत. माझ्या जावयाला अजिबात पटत नाही. तो म्हणतो, बसायला खुर्ची नाही ते कसलं डिमसम.

खाऊन झालं की तिथंच पाऊ चाँगचं सॉसचं दुकान आहे. हिरव्या मिरचीचा सॉस घ्या, घरी भज्यांबरोबरसुद्धा संपतो.

टांगरा म्हणून दुसरी वस्ती आहे, शहराच्या पूर्वेला, एके काळी हाक्का या चिनी समाजाचे चामड्याचे कारखाने होते तिथं. कारखाने गेले, हॉटेलं राहिली. ते रात्रीचं जेवण, कढईवरचं, झणझणीत, आपल्या माणसाला आवडणारं. डिमसमच्या खात्यात धरू नका, पण एक संध्याकाळ द्या.

थोडक्यात उत्तर हवं तर : घडणीसाठी मुंबई, सवयीसाठी कोलकाता.

नाना, तुमचं ऐकून नव्हे, पण मागच्या उन्हाळ्यात आम्ही मुंबईत डिमसम खाल्लं. आजी सोबत होत्या. टोपलीत चार नग बघून त्या म्हणाल्या, "इतला पैसा दिसन इतलुसंच?" वर बिलात सर्व्हिस चार्ज लावला, तो द्यावाच लागतो का? (एक वाचक, धुळे)

आजींना माझा नमस्कार. त्यांचं म्हणणं हिशेबानं बरोबर आहे. चार नगांत कोळंबी किती आणि सत्त्व किती, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं असणार.

सर्व्हिस चार्जचं : देणं सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले, हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते निर्देश कायम ठेवले. तेव्हा बिल आल्यावर आवाज न चढवता 'हा काढा' म्हणायचं. काढला नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढप्यानं मनापासून केलं असेल तर त्याच्या हातात काही तरी ठेवा, ते वेगळं. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के. साडेसात हजारांच्या वर भाडं असलेल्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात १८ टक्के. एकच टोपली, पण कुठं बसून खाता यावर कर बदलतो.

नाना, मुंबईला जाणं होत नाही. त्या काचेसारख्या पारीचं डिमसम घरी होईल का? दुकानात 'व्हीट स्टार्च' मिळत नाही. (एक वाचक, फैजपूर)

ताई, मला वाटतं हे पत्र सगळ्यात शहाणं आहे. 'व्हीट स्टार्च' दुकानात शोधू नका, ते तुमच्या घरात दर उन्हाळ्यात होतं. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढता, तेच ते. चीक म्हणजे गव्हातला चिकटपणा आणि कोंडा वेगळा करून खाली बसलेलं सत्त्व. कॅन्टनच्या, म्हणजे त्या ग्वांगडाँगकडच्या, स्वयंपाकघरात हेच सत्त्व वाळवून पूड करून वापरतात. फरक दोन. कुरडयांसाठी आपण गहू तीन-तीन दिवस भिजवतो, त्याला आंबूस वास येतो. कुरडईला तो हवा, इथं नको. म्हणून रोज पाणी बदला, आणि चीक खाली बसल्यावर वरचं पाणी ओतून पुन्हा ताजं पाणी घाला, पुन्हा बसू द्या. असं वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कापडावर कडकडीत उन्हात वाळवा आणि मैद्याच्या चाळणीनं चाळा. आपल्याकडच्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत होतं, मुंबईवाल्यांना हे सुख नाही.

दुसरा फरक म्हणजे नुसत्या चिकाची पारी ठिसूळ होते, ताणली की तुटते. त्यात टॅपिओका स्टार्च मिसळतात. चीक दोन भाग, टॅपिओका एक भाग. साबुदाणा टॅपिओकाचाच असतो, म्हणून तो मिक्सरला लावावासा वाटेल; लावू नका. साबुदाणा करताना तो अर्धवट शिजवलेला असतो, त्याचं पीठ तसं वागत नाही. टॅपिओका जळगावला बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, नाहीच तर बटाट्याचं स्टार्च.

दोन्ही पिठं आणि चिमूटभर मीठ एकत्र करून त्यात खळखळ उकळतं पाणी एकदम ओता. कोमट नको, गरम नको, उकळतं. लाटण्याच्या टोकानं भराभर ढवळा, झाकण घालून पाच मिनिटं ठेवा, मग चमचाभर तेल लावून मळा. मोदकाची उकड काढणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा, उघडा राहिला की तडकतो. लिंबाएवढ्याही नाही, सुपारीहून जरा मोठ्या गोळ्या घ्या. तिकडं लाटत नाहीत, तेल लावलेल्या रुंद बोथट पात्यानं दाबून फिरवतात. तुम्ही दोन प्लास्टिकच्या कागदांत ठेवून वाटीच्या बुडानं दाबा.

सारण कोळंबीचं करणार असाल तर कोळंबी सोलून, काळा दोरा काढून, मिठाच्या थंडगार पाण्यात खळखळून धुवा आणि अगदी कोरडी पुसा. ती दाताखाली कडक लागते ती यानं. निम्मी बारीक चिरा, निम्मी मोठी ठेवा. फैजपूरला ताजी कोळंबी कुठून येणार, म्हणून शाकाहारी सांगतो : मश्रूम बारीक चिरून पाणी आटेपर्यंत परतायचे, त्यात शिंगाडा. हॉटेलातला डब्यातला 'वॉटर चेस्टनट' आणि आपल्या तळ्यातला शिंगाडा या वनस्पती वेगळ्या, पण ओला शिंगाडा चिरून घातला तर तसाच कुरकुरीत लागतो. आलं, मीठ, पांढरी मिरपूड, आणि भाजलेल्या तिळाचं गडद तेल थेंबभर. आपलं घाण्याचं तीळ तेल चालेल, पण त्याला तो वास नाही. सारण थंड करूनच भरा. गरम भरलं तर पारी आतून विरघळते.

चुण्या एकाच बाजूला घालायच्या. सात नाही जमल्या तर पाच घाला, तुमच्या घरी कोण उस्ताद मोजायला येतोय. ज्या पातेल्यावर चाळणी ठेवून फुनके उकडता तेच घ्या. चाळणीला तेल, किंवा कोबीचं पान. आपल्याकडे केळीच्या पानाला तोटा नाही, तेच घाला. पाणी पूर्ण उकळलं की मगच चाळणी चढवायची, झाकणाला फडकं बांधायचं म्हणजे थेंब पडत नाहीत. मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं. उतरवल्या उतरवल्या पारी पांढुरकी दिसेल, घाबरू नका, मिनिटभरात स्वच्छ होते. आणि माणसं ताटावर बसल्यावर चाळणी चढवा, आधी नाही.

चिनी जेवणातल्या अजिनोमोटोनं डोकं दुखतं म्हणतात. खरं? (एक वाचक, अमळनेर)

ती पूड चिनी नाही, जपानी. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञानं समुद्री शेवाळाच्या रसातून ती चव वेगळी काढली. 'चिनी हॉटेलात जेवून त्रास होतो' ही हाकाटी १९६८ च्या एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातल्या पत्रावरून उठली. पुढं नेहमीच्या प्रमाणात तसा त्रास चाचण्यांत ठामपणे दिसला नाही. तुम्हाला दुखत असेल तर खाऊ नका. चांगल्या हार गावला तिची गरजही नसते.

नाना, मुंबईहून पार्सल आणता येईल का? आई गाडीत बसून एवढ्या लांब येऊ शकत नाही. (एक वाचक, पाचोरा)

हार गाव आणि चुंग फन आणू नका. कल्याणपर्यंतसुद्धा टिकत नाहीत. पारी घट्ट होते आणि पुन्हा वाफवली की फाटते. बाव आणा. तो पावाच्या पिठाचा, प्रवास सोसतो. हॉटेलात सांगा की बाव गार झाल्यावर डब्यात भरून द्या, गरम गरम डब्यात कोंडला की ओला होतो. हिवाळ्यात, शाकाहारी सारणाचा, दुपारी घेऊन संध्याकाळच्या गाडीत बसलात तर रात्री घरी पोचून दहा मिनिटं वाफ द्या. मटणाचा किंवा चिकनचा असेल तर बर्फाच्या डब्याशिवाय आणू नका, आणि उन्हाळ्यात तर कुठलाच नको. आईंसाठी खरं तर वरचं फैजपूरचं उत्तर वाचा. चीक घरात असेलच.